अडतीस ग्रॅम गवत

४ ऑगस्ट

धाकट्या,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते. पण बारा वर्षं अबोला धरलेल्या भावाला तो चालतो की नाही, हे कोणाला विचारू? तेव्हा आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर तू पत्र फाडलं नाहीस तर.

लिहायला कारण तसं विशेष नाही. कोठीची खोली आवरताना तुझा खाकी कोट सापडला. उजव्या खिशात सुतळी, एक तुटकी पेन्सिल आणि गवताच्या बिया निघाल्या. बिया मी कुंडीत टाकल्या, उगवल्या नाहीत. कोट पाठवू का? तू आता शाळेत शिकवतोस असं टपालवाल्याकडून कळलं. शाळेत असला कोट घालून गेलास तर मुलं तुला शिपाई समजतील, पण थंडीला बरा आहे.

इथलं ठीक चाललंय. गवत केंद्राच्या दोन खोल्यांत मी अजून तशीच राहते. दिवसातून तीनदा तापमापक वाचते, सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजते, वहीत लिहिते. आता गुडघे कुरकुरतात, त्यामुळे पायऱ्या उतरताना मी त्यांच्याशी भांडते. पुढच्या वर्षी निवृत्ती.

हो, एक नवीन मुलगी आली आहे संशोधनाला. जाड भिंगांचा चष्मा, अखंड प्रश्न. मी तिला चष्मेवाली म्हणते, ती मला मावशी. केंद्राच्या तीस वर्षांच्या वह्या तिने खोलीभर पसरून ठेवल्यात. पाऊस किती, ऊन किती आणि कुंपणातल्या चौरसात गवत किती, याचा ताळमेळ घालते आहे. तिच्या अहवालावर कुरण समिती तीस तारखेला ठरवणार, की पश्चिमेचं कुरण गुरांना बंद करायचं का. काल तिने एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, या वर्षी काय झालं होतं?"

मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे, चहा घे."

तुला निरोप द्यायला बस थांब्यावर आले होते, तो दिवस मला परवा सहज आठवला. पहिली बस निम्मी रिकामी होती आणि तू ती सोडलीस! मी म्हटलं, "अरे, जागा होती की! आता दुसरीत लोंबकळत जाशील." पाऊण तास आपण बाकावर बसलो. तू लहानपणापासून असाच, दारात चप्पल घालून घोटाळणारा.

कोटाचं कळव.

तुझी ताई

(आशीर्वाद.)


११ ऑगस्ट

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी टपालवाला दिसला की मी उगाच फाटकाशी काहीतरी करत उभी राहते, आणि तोही आता लांबूनच मान हलवतो.

कोट राहू दे. खरं कारण लिहिते.

चष्मेवालीने बोट ठेवलं तो आकडा तुझा आहे. अडतीस. कुंपणात गुरं कधीच जात नाहीत, म्हणून तिथलं गवत फक्त पाऊस आणि ऊन यांचं, असं आपण धरतो. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी तिथे एक मीटरची चौकट दहा ठिकाणी टाकायची, आतलं गवत कापायचं, भट्टीत वाळवायचं, वजन करायचं. चांगल्या वर्षी चौकटीमागे एकशे दहा ग्रॅम, वाईट वर्षी साठ-सत्तर. आणि तुझ्या त्या वर्षी अडतीस. पाऊस नेहमीइतकाच झालेला, तीनशे दहा मिलिमीटर. मीच मोजला होता.

तू तेव्हा समितीपुढे उभा राहिलास ते मला दिसतंय. नवा सदरा, घाईत एक बटण वरखाली लावलेलं. म्हणालास, "पाऊस किती पडला ते पर्जन्यमापक सांगतो. त्यातला गवताला किती मिळाला, ते उन्हाला विचारावं लागतं." त्या जूनमध्ये एकोणीस दिवस पारा चाळीसच्या वर होता. जमिनीतलं पाणी गवताच्या मुळांपर्यंत पोचायच्या आत वर उडून गेलं, असं तू सांगितलंस, आणि कुरणाला एक वर्ष तरी विश्रांती द्या म्हणालास. लोकांनी ऐकलं. मेंढरांच्या म्हाताऱ्याने निम्मा कळप काढून टाकला.

पुढच्या वर्षी पाऊस तेवढाच, पण उन्हाळा मवाळ गेला. कुंपणात एकशे अठरा ग्रॅम. मग जे झालं ते तुला मी काय सांगू? म्हातारा केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत ओरडत होता, "पोरा, तुझ्या एका आकड्यापायी माझा कळप गेला!" तू एवढंच म्हणालास, की वजन करताना माझ्याकडून चूक झाली असेल. आणि महिन्याभरात नोकरी सोडलीस.

आता चष्मेवालीचं म्हणणं ऐक. तिला तो आकडा पटत नाही. म्हणाली, "मावशी, ज्याने हा मोजला त्याने स्वतःच चूक कबूल केली आहे. मग त्याची बाकीची तीन वर्षं तरी कशावरून बरोबर? मी चारही वर्षं वगळते." पोर कामाला चोख आहे, तिचं चूक म्हणवत नाही. पण तुझी चार वर्षं! पावसात छत्री न घेता गुडघ्यावर बसून तू कापलेलं गवत.

मी तिला म्हटलं, त्या वर्षी कुंपणाचं दार कदाचित एखाद्या वेळी उघडं राहिलं असेल. वाऱ्याने.

तिने चष्मा वर सारला. "वहीत तर लिहिलंय, कुंपण वर्षभर बंद होतं. खाली सही आहे तुमची."

सही आहे माझी.

ताई


१७ ऑगस्ट

धाकट्या,

मागच्या पत्रात वाऱ्याचं लिहिलं ते खोटं. वाऱ्याला ती कडी उघडता येत नाही, दोन हातांनी उचलावी लागते. तुला माहीत आहेच, तूच बसवली होतीस.

आज सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून चहाही केला नाही.

त्या जूनमध्ये तू नवीन यंत्रं आणायला आणि ती शिकायला शहरात गेला होतास, दोन महिने. बाबांचा उजवा हात-पाय गेलेला, वाचा गेलेली. खाट खिडकीशी, आणि खिडकीतून दिसायची ती फक्त करडी. बाबांना तुझ्या-माझ्यापेक्षा ती घोडी प्यारी, असं आपण चेष्टेत म्हणायचो. त्या उन्हाळ्यात ती चेष्टा राहिली नव्हती. माझ्याकडे ते बघायचेही नाहीत, करडी हलली की मात्र त्यांचा डावा हात पांघरुणावर हलायचा.

कुरणात काही उरलं नव्हतं. उन्हाने जाळलं, जे राहिलं ते सगळ्यांच्या गुरांनी खरवडून खाल्लं. करडीच्या बरगड्या मोजता येत होत्या. एका दुपारी ती पुढच्या पायांवर बसली आणि उठेना. बाबांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

कुंपणात गवत होतं. कमीच, पण होतं.

अकरा दुपारी मी तिला आत नेलं. बरोबर साडेबाराला, पारा वाचून झाला की. मोठे साहेब झोपलेले, बाहेर चिटपाखरू नाही. मी छत्री धरून उभी राहायची आणि ती चरायची, मुळापर्यंत कातरून, घोडी खाते तशी. तासाभराने बाहेर. लीद बादलीत भरून न्यायची, खुरांच्या ठशांवरून झाडू फिरवायचा. बाराव्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटली आणि मी थांबले. ऑगस्टमध्ये तू चौकटी टाकल्यास तोवर ते खुंट वाळून पिवळे झाले होते. दहांतल्या सात चौकटी चरलेल्या जागी पडल्या. तुला वाटलं, उन्हाने मारलं. मी तराजूशेजारी उभी राहून आकडे लिहून घेतले. तू "अडतीस?" असं दोनदा म्हणालास. मी दोन्ही वेळा मान हलवली.

तेव्हाच सांगायला हवं होतं रे. त्या वेळी फक्त एक वर्षाची मोजणी वाया गेली असती. मग तू समितीपुढे बोललास, आता कसं सांगू असं झालं. मग साहेबांनी वही पुढे केली, कुंपण बंद होतं का, सही करा. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर या खोल्या गेल्या असत्या आणि बाबांची खिडकी गेली असती. हे मी बारा वर्षं स्वतःला सांगते आहे. ते खरंही आहे. पण बाबा जाऊनही आता आठ वर्षं झाली. त्यांच्या मातीला तू आलास, सगळ्यांच्या मागे उभा राहिलास, माझ्याकडे प्यायला पाणी मागितलंस आणि त्याच दिवशी गेलास. त्यानंतर कोणत्या खिडकीसाठी मूग गिळून बसले होते? माझ्या चांगल्या नावासाठी. तीस वर्षांत एक नोंद न चुकवणारी बाई! मोठे साहेब पाहुण्यांना दाखवायला आणायचे मला.

सगळ्यात वाईट ते पुढे आहे. चष्मेवालीने परवा मला तिचा तक्ता दाखवला. तीस वर्षांतली अशी वर्षं तिने वेगळी काढली, ज्यांत पाऊस तीनशेच्या आसपासच होता. मवाळ उन्हाळ्याची वर्षं: एकशे दहा, एकशे पंधरा, एकशे अठरा. कडक जूनची वर्षं: चौऱ्याहत्तर, सत्तर, एकाहत्तर. पाऊस तोच, गवत एकशे पंधराच्या जागी सत्तर. ती बोलत होती आणि मी खुर्चीचा हात धरून बसले होते. करडी आत गेली नसती तर तुझाही आकडा सत्तर-बहात्तर आला असता. तू तेच बोलला असतास, तुला तेच दिसलं असतं. तू खरा होतास. माझ्या चोरीने तुझं खरं इतकं फुगवलं, की ते खोटं ठरलं.

आणि कुरण. तुझ्यानंतर इथे उन्हाचं नाव काढलं की लोक हसायचे. पाऊस झाला ना, मग सोडा गुरं! कडक वर्षीही सोडली. झुबक्याचं गवत, ज्याची मुळं तू हातभर खणून मला दाखवायचास, ते पश्चिमेला आता नाही. काटेरी झुडपं आली आहेत. पाऊस पडला की हिरवं होतं, लांबून बघणाऱ्याला बरं वाटतं, पण ते तण आहे. पंधरा दिवसांत पिवळं पडतं, गुरं तोंड लावत नाहीत. मी रोज सकाळी पर्जन्यमापकापाशी उभी राहते तेव्हा समोर तेच दिसतं.

चष्मेवालीला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगावं असं वाटलं. नाही, हेही खोटं. आधी तुला लिहिणं सोपं होतं, तू इथे नाहीस.

ताई


२४ ऑगस्ट

धाकट्या,

काल चष्मेवाली म्हणाली, वगळायच्या आधी त्या वर्षीच्या पिशव्या निदान एकदा पुन्हा तोलून बघू. दरवर्षीचं वाळवलेलं गवत कागदी पिशव्यांत भरून आपण मागच्या कोठीत ठेवतो, ते सगळं अजून आहे. मी म्हटलं, मी काढून आणते, तुला धुळीने शिंका येतात.

सातव्या चौकटीची पिशवी दुसऱ्यांदा बांधलेली होती. सुतळीची गाठ तुझी, ती उलटी गाठ जिच्यावरून मी तुला नेहमी बोलायची. सोडली. गवतावर घडी केलेला वहीचा कागद. त्यात आठ-दहा लांब केस, करड्या रंगाचे. शेपटीचे.

कागदावर तुझं अक्षर. तारीख तू गेलास त्याच्या तीन आठवडे आधीची, म्हाताऱ्याने साहेबांच्या खोलीत आरडाओरडा केला त्याच्या आदल्या दिवसाची.

"कुंपणाच्या आतल्या बाजूला, कोपऱ्याच्या खांबावर अडकलेले मिळाले. करडीचे. ताई स्वतःहून सांगेल. तोवर थांबायचं."

कोठीत बसायला काही नाही. मी गवताच्या पिशव्यांवरच बसले.

म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या खोलीत "माझ्याकडून चूक झाली असेल" असं म्हणालास, तेव्हा तुला माहीत होतं. मी दाराशी उभी होते. तू ते बोलायच्या आधी माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, मदत मागतोयस, आणि मी खाली बघितलं. तू मदत मागत नव्हतास.

आणि बस थांब्यावर. पहिली बस गेल्यावर तू विचारलंस, "ताई, तुला मला काही सांगायचंय का?" हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. मी म्हटलं होतं, "पोचल्यावर पत्र टाक. आणि लोकरीचे मोजे वरच ठेवलेत, पिशवीत शोधत बसू नकोस." मग पाऊण तास मी मोज्यांबद्दलच बोलत होते.

मला वाटायचं, मी तुझी बाजू घेतली नाही म्हणून तू रागावून गेलास. मी त्यावर आतून थोडी रागावलेही होते, की एवढं काय त्यात! शोभतं का मला? तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, तुला न्हाऊ-माखू घातलेली.

कागद चष्मेवालीच्या हातात दिला. तिने वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग म्हणाली, "मावशी, हे तुम्हालाच सांगावं लागेल तिथे. मी सांगून चालणार नाही."

मी म्हटलं, "तू सांगू लागलीस तर मी तुझा चष्मा लपवून ठेवीन."

ताई


३१ ऑगस्ट

धाकट्या,

काल समिती झाली. मी माझी निळी साडी नेसले होते, चांगली इस्त्री करून. कशाला ते मला माहीत नाही. बाबांच्या मातीनंतर इतकी माणसं मी एका खोलीत बघितली नव्हती.

चष्मेवालीने तक्ता भिंतीवर लावला. अडतीसच्या आकड्याशी आली आणि थांबली. मी उठले. वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण चांगला खणखणीत फुटला, तापमापकाचे आकडे मोठ्याने वाचून दाखवायची सवय आहे ना. अकरा दुपारी, करडी, छत्री, बादली, सही, सगळं सांगितलं. बाबांच्या खिडकीचं सांगणार नव्हते, तेही तोंडातून गेलं. मग लगेच म्हटलं, ती सबब म्हणून धरू नका.

मेंढरांचा म्हातारा आता पार वाकलाय. काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे पोरगा अर्धा तरी खरा होता."

"अर्धा नाही," मी म्हटलं. "आकडा माझ्या घोडीने खाल्ला. म्हणणं त्याचं पुरतं खरं होतं."

"मग हे बारा वर्षांपूर्वी का नाही बोललीस बाई? आमच्या तोंडातून काय काय गेलं त्याला."

मी तशीच उभी राहिले, तो बघत राहिला, शेवटी कोणीतरी खिडकी उघडली. बसताना तो स्वतःशीच पुटपुटला, "मी त्याला काठी उगारली होती."

पश्चिमेचं कुरण तीन वर्षं बंद करायचं ठरलं, थोडक्या मतांच्या फरकाने. चष्मेवाली म्हणते, झुबक्याच्या गवताला तीन वर्षं पुरणार नाहीत. काही ठिकाणी ते परत येणारही नाही. बारा वर्षांपूर्वी एखादं वर्ष पुरलं असतं, हे ती बोलली नाही. मला हिशेब येतो.

नोंदवही माझ्याकडून काढून घेतली. बरोबरच आहे. आजपासून पारा चष्मेवाली वाचते. सकाळी सवयीने मी पर्जन्यमापकापर्यंत गेले आणि हात मागे घेतले. पण वही द्यायच्या आधी मी त्या वर्षाचं पान काढलं आणि माझ्या जुन्या सहीच्या खाली लिहिलं: "कुंपण बंद नव्हतं. या वर्षी आत घोडी चारली. चारणारी मी. मोजणाऱ्याची काही चूक नाही." पुन्हा सही केली. तुझी बाकीची तीन वर्षं अहवालात राहिली आहेत. पहिल्याच पानावर, मोजणाऱ्यांच्या यादीत, तुझं नाव चष्मेवालीने स्वतःच्या वर लिहिलंय.

खोल्या सप्टेंबरअखेर सोडायच्या. चष्मेवालीने गावात एक खोली बघून दिली आहे. तिची खिडकी बस थांब्याच्या बाजूला उघडते.

माफी मागण्याचं मी सबंध पत्रभर टाळते आहे, तुझ्या लक्षात आलं असेल. मला ती मागता येत नाही, कधीच आली नाही. माफ कर मला. तू वाट बघितलीस आणि मी मोज्यांबद्दल बोलले, त्याबद्दल माफ कर.

आता इथे दिवसातून दोनच बस येतात, एक अकराची आणि एक पावणेबाराची. मधला वेळ अजून तेवढाच आहे, पाऊण तास. दर रविवारी मी अकराला बाकावर येऊन बसेन. तू पहिलीतून उतरला नाहीस तर दुसरीपर्यंत थांबेन. कोट बरोबर आणीन.

ताई